रोदिझिओ की किलो? ब्राझीलमध्ये जेवायला कुठे बसावं

साओ पावलोला कामासाठी गेलेल्या माणसाला ऑफिसातली मंडळी पहिल्या आठवड्यातच शुरास्कारियात, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या खानावळीत, घेऊन जातात. ठरलेली रक्कम द्यायची आणि सळयांवर भाजलेलं मांस हवं तितकं खायचं, हे रोदिझिओ. त्याच रस्त्यावर चार दुकानं पुढे ‘किलो’ची खानावळ असते. तिथे आपलं ताट आपण वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. दोन्हींतलं कुठलं निवडावं, हे बहुतेक जण भूक किती आहे त्यावर ठरवतात. माझ्या मते आधी एकच गोष्ट बघावी: तुम्ही गोमांस खाता का?

कारण रोदिझिओचा सगळा जीव गोमांसात आहे. ही दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुलमधल्या गाऊशो गुराख्यांची रीत. मांसाचे मोठे तुकडे, जाडं मीठ आणि निखारे, एवढाच मामला; वाटण नाही, मसाला नाही. सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो पिकान्यात. एका कडेला चरबीचा जाड थर असलेला हा तुकडा वाकवून सळईत ओवतात. वाढपी सळईचं टोक टेबलावर टेकवतो आणि वरची भाजलेली कड सुरीने पातळ उतरवतो. तो काप आपण छोट्या चिमट्याने धरून ताटात घ्यायचा. सळई पुन्हा आगीवर जाते, नवी कड भाजून येते. कडेचा काप खारट लागत असेल तर आतला मागावा, ते आनंदाने देतात. दुसरी चीज म्हणजे कुपिम, म्हणजे वशिंडाचं मांस. ब्राझीलची वशिंडवाली गुरं मूळची आपल्याकडची: तिथली नेलोर जात आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून आली, गीर गुजरातमधून.

हे खाणाऱ्याने रोदिझिओलाच जावं, तेही रात्री, दोन तास हाताशी ठेवून. एक सावधगिरी मात्र बाळगा. सुरुवातीला लिंग्विसा सॉसेज, कोंबडी आणि गरम पाँव दे केजो येतात. चीजचे हे गोळे कसाव्याच्या पिठाचे; आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. लागतात सुरेख, पण पोट तिथेच भरतं. टेबलावर दोन रंगांची चकती असते, ती लाल बाजूला फिरवून ठेवा, वाढपी थांबतात. पिकान्या फिरताना दिसेना तर सरळ मागून घ्या.

गोमांस न खाणाऱ्याला काय उरतं? कोंबडी, डुक्कर, कोंबडीची हृदयं, कुठे कुठे मेंढीचं मांस, सळईवर भाजलेलं चीज आणि दालचिनी लावलेला अननस. अननस खरोखर अप्रतिम असतो. पण पैसे पूर्ण रोदिझिओचे द्यायचे आणि त्यातलं सर्वोत्तम सोडून द्यायचं, हा व्यवहार मला पटत नाही. शिवाय भट्टी एकच असते आणि सुरीही बऱ्याचदा तीच फिरते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी सोबत्यांच्या आग्रहाला बळी पडू नये, आधीच स्पष्ट सांगावं. पेयं आणि गोड पदार्थ बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात, वर 10 टक्के सेवाशुल्क द्यायचा रिवाज आहे. हे धरून हिशेब करा.

अशांसाठी किलो चांगलं. भात, घेवड्याची उसळ, कोबीच्या जातीची परतलेली हिरवी पालेभाजी, तळलेली केळी, पाल्मितो म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा, आणि सॅलडचे कितीतरी प्रकार. परदेशात राहून घरच्यासारखा वरणभात आठवणाऱ्याला यातच समाधान मिळतं. मात्र शाकाहारी माणसाने डोळे उघडे ठेवावेत. उसळीत आणि फारोफात, म्हणजे परतलेल्या कसाव्याच्या पिठात, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, पालेभाजीतही. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही; कोंबडी, हॅम, मासे एकेक नाव घेऊन विचारावं. साओ पावलोत बुधवारी आणि शनिवारी फेज्वादाचा बेत असतो, त्या दिवशी काळ्या घेवड्याच्या भांड्यात डुकराचं मांस असणारच.

किलोत काट्याचाही विचार करावा लागतो. बहुतेक ठिकाणी दर सगळ्याला एकच, त्यामुळे कलिंगडाची फोड आणि चांगला मासा एकाच भावाने पडतात. वजनदार, पाणीदार गोष्टी कमी घ्या. मिळालेली चिठ्ठी सांभाळा, पैसे तिच्यावरच होतात. ही जागा मुख्यतः दुपारची. बाराच्या सुमारास गेलात तर सगळं ताजं मिळतं, अडीचनंतर ट्रे सुकायला लागतात.

हेच ब्राझिलियन जेवण अमेरिकेत घ्यायचं असेल, तर तिथे किलोचा पर्याय सहसा नसतो. पण फोगो दे शाँव (1979 साली पोर्तो अलेग्रेत सुरू झालेलं) किंवा टेक्सास दे ब्राझीलसारख्या रोदिझिओच्या ठिकाणी नुसत्या सॅलडच्या टेबलाचा दर वेगळा आणि बराच कमी असतो. चौघांपैकी दोघंच मांस खाणारे असतील तर बसतानाच तसं सांगा, बिल तसंच होतं. दुपारचा दरही रात्रीपेक्षा कमी असतो.

ब्राझीलमध्ये असं मिश्र कुटुंब असेल तर मात्र मी रोदिझिओचा हट्ट सोडायला सांगेन. बऱ्याच किलो खानावळींत एका बाजूला निखाऱ्यांची भट्टी असते. खाणाऱ्याने तिथून पिकान्याचे दोन काप कापून घ्यावेत, बाकीच्यांनी पालेभाजी आणि केळी वाढून घ्यावीत, आणि सगळ्यांनी एका टेबलावर बसावं.