महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टल : घर अर्जाच्या चौकटीत बसत नसेल तेव्हा

आई-वडील एकत्र राहतात, रेशनकार्डावर चौघांची नावे आहेत, दाखल्यावर वडिलांचे उत्पन्न आहे. अशा घरातल्या मुलाला महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरायला एक दुपार पुरते. पण वडील आठ वर्षांपासून घरी नाहीत, आई माहेरी राहते, रेशनकार्ड अजून सासरच्या पत्त्यावर आहे, जातीचा दाखला काकांच्या कपाटात आहे, अशा घरातल्या मुलीचा अर्ज महिनोन्महिने ‘सेंट बॅक’ होत, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येत राहतो. खरी गरज बहुधा तिलाच असते. म्हणून पोर्टलचे हे परीक्षण तिच्या बाजूने केले आहे.

आधी चांगले ते सांगायला हवे. सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, उच्च व तंत्रशिक्षण अशा निरनिराळ्या विभागांच्या योजना इथे एकाच प्रोफाइलवर मिळतात. अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडे अडला आहे, प्राचार्यांच्या लॉगिनला आहे की जिल्ह्याच्या कार्यालयात पोहोचला आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. कागदी अर्जांच्या काळात हे कळायला खिडकीवर उभे राहावे लागे. ‘आपले सरकार’ या राज्याच्या दाखल्यांच्या पोर्टलवरून काढलेल्या दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकला की त्यावरची माहिती तपासता येते, तेव्हा आकडा चुकण्याची भीती कमी होते. इतपत पोर्टलला पूर्ण गुण.

गुण जातात ते कुटुंबाच्या माहितीत. तिथे प्रश्न एवढाच असतो : वडील हयात आहेत का? आई हयात आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. वेगळे राहतात, घटस्फोट झाला, परागंदा आहेत, दुसरे लग्न केले, यांपैकी काहीही सांगायला जागा नाही. त्यामुळे सायबर कॅफेत सर्रास सल्ला मिळतो, ‘वडील हयात नाहीत करून टाका, प्रश्नच मिटला.’ हा सल्ला कधीही ऐकू नये. हयात नाहीत म्हटले की मृत्यूचा दाखला मागितला जातो, आणि तो देता येत नाही. पुढे जात पडताळणीत किंवा नोकरीच्या वेळी दुसऱ्या कागदावर वडील जिवंत निघाले, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका मुलावर येतो, मिळालेली रक्कम वसूल होऊ शकते. वडील जिवंत असतील किंवा त्यांचा ठावठिकाणा माहीत नसेल, तर ‘हो’ हेच उत्तर. बाकीची हकीकत कागदांनी सांगायची.

त्यासाठी पोर्टल उघडण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : कोणाचे उत्पन्न दाखवायचे? अनुसूचित जातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत याचे उत्तर स्वच्छ दिलेले होते; त्या सूचना नंतर सुधारल्या गेल्या, म्हणून चालू सूचनाही पाहून घ्याव्यात. आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल तरी उत्पन्न फक्त त्यांचेच धरायचे, घरातल्या इतर कमावत्यांचे धरायचे नाही. विद्यार्थिनी विवाहित असून कमावती नसेल तर पतीचे धरायचे. दोघेही पालक वारले असतील तरच शिक्षणाचा खर्च करणाऱ्या पालनकर्त्याचे. म्हणजे आई आहे आणि मामाच्या घरी राहते, तर मामाचा पगार मोजायचा नाही. हे वाक्य तलाठी कार्यालयात आणि महाविद्यालयात दोन्हीकडे उपयोगी पडते, कारण रेशनकार्डावर मामाचे नाव दिसले की त्याचा पगार विचारण्याची सवय सगळीकडे आहे. त्याच सूचनांमध्ये आणखी एक तरतूद होती, ती फार थोड्यांना ठाऊक असते : कमावत्या पालकाचे वर्षाच्या मधेच निधन झाले आणि त्यामुळे उत्पन्न मर्यादेच्या आत आले, तर त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र ठरतो, आणि मुदत उलटून गेल्यावरही त्याच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करता येतो. पोर्टल मात्र मुदत संपली की बंद होते. अशा वेळी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना मृत्यूच्या दाखल्यासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

उत्पन्नाची मर्यादा योजनेप्रमाणे बदलते. अनुसूचित जातींच्या या केंद्रीय शिष्यवृत्तीला २.५ लाख, खुल्या वर्गाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाख. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना ८ लाखांच्या आत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. इथे एक घोळ हमखास होतो. नॉन-क्रीमी लेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) असले म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागत नाही, असे समजून फक्त तेच जोडले जाते. ते उपविभागीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आहे, त्याचे निकष वेगळे आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावाच लागतो, आणि तो साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो.

सगळा अर्ज ज्यावर उभा राहतो तो हा दाखला. वेगळ्या राहणाऱ्या आईच्या नावाने तो निघतो, पण सेतूत नुसते आधार आणि रेशनकार्ड देऊन नाही. सोबत लागते ते असे : आई स्वतंत्र राहते हे दाखवणारा पुरावा (भाडेकरार, वीजबिल किंवा माहेरच्या घराचा उतारा), तिच्या कमाईचा पुरावा, स्वयंघोषणापत्र, आणि विभक्त असल्याचा निदान एक सरकारी कागद. घटस्फोटाचा हुकूमनामा असेल तर उत्तमच. नसेल तर पोटगीच्या अर्जावरचा आदेश, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश, पोलिसांच्या महिला कक्षातली तक्रार किंवा पती बेपत्ता असल्याची पोलिसांतली नोंद. यांतले काहीच नसेल तर तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा हाच आधार. त्यात ‘पती अमुक वर्षापासून सोबत राहत नाही, उदरनिर्वाहासाठी काही देत नाही’ हे वाक्य आले पाहिजे. तेवढे नसेल तर तहसीलमधला लिपिक वडिलांचे उत्पन्न मागणार, आणि त्याच्या जागी त्याचेही चुकत नाही.

वेळ आणि पैसा वाचवणारी एक माहिती. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानंतर बहुतेक दाखल्यांना प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते. जिथे प्रतिज्ञापत्रच हवे असते, तिथेही जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयापुढे करायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही बाहेर बसलेला माणूस ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावतो. तो घेऊ नये. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही, तर लोकसेवा हक्क कायद्याखाली आपले सरकारवरच पहिले अपील करता येते. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवला असेल तरच ते करता येते.

रेशनकार्ड हा पुढचा अडसर. शाहू महाराज योजनेचा लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो, म्हणून तिथे ते बारकाईने पाहिले जाते. आईचे आणि मुलांचे नाव जुन्या कार्डातून कमी झाल्याशिवाय नवे कार्ड मिळत नाही, आणि सासरचे लोक कार्ड हातात देत नाहीत. मार्ग असा : तहसीलच्या पुरवठा शाखेत जुन्या कार्डाचा क्रमांक लिहून आईने स्वतः अर्ज द्यायचा, सोबत वेगळ्या राहण्याचा तोच पुरावा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली आहे, हे अर्जात आवर्जून लिहावे. हे काम वेळ खाते. म्हणून बारावीच्या परीक्षेनंतर, प्रवेश सुरू होण्याच्या आधी हाती घ्यावे.

जात पडताळणी ही या सगळ्यातली सर्वांत कडवी पायरी. पडताळणी वडिलांकडच्या वंशावळीवर चालते, आणि संबंध तुटलेल्या घरात तिकडून कागद मिळत नाहीत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो काकांच्या दारात मागत बसण्यापेक्षा सरकारी दप्तरातून काढता येतो. आजोबा ज्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले, तिथल्या मुख्याध्यापकांकडून प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा. शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत बऱ्याचदा जात लिहिलेली सापडते. चुलत भावंडांपैकी कोणाला जात वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याचा क्रमांक आणि ते देणाऱ्या पडताळणी समितीचे नाव अर्जात नोंदवावे, मूळ नोंद समितीकडेच असते. आईने एकटीने वाढवलेल्या आणि आईच्या समाजात वाढलेल्या मुलासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा रमेशभाई दाभाई नायका खटल्यातला निर्णय महत्त्वाचा आहे. आंतरजातीय विवाहातल्या अपत्याची जात वडिलांचीच हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, असे त्यात म्हटले आहे. पण तो रस्ता लांबचा आहे. त्यासाठी वकील आणि वेळ दोन्ही हाताशी हवेत. फी भरायची तारीख पुढ्यात असताना त्यावर विसंबू नये.

आईने दुसरे लग्न केले असेल, तर वडिलांच्या रकान्यात सावत्र वडिलांचे नाव घालायचा मोह होतो, कारण घरात मुले त्यांनाच बाबा म्हणतात. रीतसर दत्तकविधान झाले नसेल तर दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच लिहावे. नावे जुळली नाहीत की अर्ज महाविद्यालयाच्या टेबलावरूनच परत येतो. मात्र त्याच घरात राहत असताना सावत्र वडिलांचे उत्पन्न चौकशीत विचारले जाणारच. ते लपवू नये. विवाहित विद्यार्थिनींनी अभ्यासक्रम संपेपर्यंत आधारवरचे नाव बदलू नये. बदललेच असेल तर राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी.

आई-वडील दोघेही नसतील, तर महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र काढणे हे पहिले काम. संस्थेत वाढलेल्यांना आणि नातेवाइकांकडे वाढलेल्यांना, दोघांनाही ते मिळते. सुरुवात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करावी. जुलै २०२४ च्या शुल्कमाफीत अशा मुलामुलींचाही समावेश आहे. तंत्रशिक्षणाला असणाऱ्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘स्वनाथ’ शिष्यवृत्तीही पाहावी : वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत. एक पालक हयात आहे पण परागंदा आहे, अशा मुलाला मात्र अनाथ म्हणता येत नाही. सोडून दिलेल्या मुलांसाठी महाडीबीटीवर वेगळी जागा नाही, ही या पोर्टलची सर्वांत मोठी उणीव, आणि ती दूर व्हायलाच हवी. हकीकत लिहायला एक रकाना आणि एक जादा कागद जोडायची सोय, एवढे केले तरी निम्मे अर्ज परत येणार नाहीत.

अपलोड करताना फाइलची मर्यादा २५६ केबी आहे. न्यायालयाचा बारा पानी हुकूमनामा त्यात मावत नाही, आणि दाबून दाबून लहान केला की वाचता येत नाही, मग ‘अस्पष्ट दस्तऐवज’ म्हणून परत. पहिले पान, आदेशाचा परिच्छेद असलेले पान आणि शिक्क्याचे पान, एवढीच तीन पाने राखाडी रंगात, कमी रिझोल्यूशनवर एका पीडीएफमध्ये घ्यावीत. मूळ प्रत महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती लिपिकाला समक्ष दाखवावी आणि परिस्थितीचे एक पानी पत्र त्याच्याकडे द्यावे. कळीचा माणूस तोच. पोर्टलवर त्याला फक्त रकाने दिसतात, पत्र वाचले की वडिलांचे उत्पन्न का नाही हे त्याला कळते. महाविद्यालयात समान संधी केंद्र (मागास घटकांतल्या विद्यार्थ्यांना मदत करणारा कक्ष) असेल तर तिथूनही मदत घ्यावी. अर्ज परत आला तर शेरा नीट वाचून तेवढीच दुरुस्ती करावी. घाबरून पूर्ण अर्ज रद्द करून नवा भरला की रांगेत पुन्हा शेवटी जावे लागते.

पैशाचे खाते हा विषय छोटा, पण नुकसान मोठे. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. लहानपणी वडिलांसोबत उघडलेले संयुक्त खाते तसेच जोडलेले असेल, तर शिष्यवृत्ती तिथे जमा होते आणि कार्ड वडिलांच्या हातात असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे याची, स्थिती पाहता येते. बँक चुकीची दिसली तर स्वतःच्या एकट्याच्या नावाने खाते उघडून त्या शाखेत आधार जोडणीचा फॉर्म द्यावा, आणि बदल दिसेपर्यंत थांबून मगच अर्ज पाठवावा. आधारला मोबाइल क्रमांकही विद्यार्थ्याचाच हवा, नाहीतर ओटीपी ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या फोनवर जातो.

दुसऱ्या वर्षी अर्ज नूतनीकरणाचा भरायचा असतो. पहिल्या वर्षी जोडलेला प्रत्येक कागद, लिपिकाला दिलेले पत्र आणि तलाठ्याचा पंचनामा यांच्या प्रती एका पाकिटात ठेवाव्यात. लिपिक बदलतो, महाविद्यालयाचे लॉगिन दुसऱ्याकडे जाते, आणि घरची तीच हकीकत नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते.