जेनिंग्ज काउंटीतलं घर आणि ग्रामीण गृहकर्ज : 11 महिन्यांनंतर

आम्ही अमेरिकेत, इंडियाना राज्यात राहतो. नवरा कोलंबसला कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत आहे. कोथरूडहून इकडे आलेली मराठी कुटुंबं त्या गावात पुष्कळ, आणि भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुम्ही एवढ्या लांब नॉर्थ व्हर्ननच्या बाहेर का गेलात?’ तर, कर्जामुळे.

यूएसडीएच्या, म्हणजे इथल्या कृषी खात्याच्या, हमीचं ग्रामीण गृहकर्ज 35 हजारांवर वस्तीच्या गावात मिळत नाही आणि कोलंबस 50 हजारांच्या पुढे गेलंय. जेनिंग्ज काउंटीतला (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) नॉर्थ व्हर्ननजवळचा आमचा पत्ता यूएसडीएच्या नकाशावर टाकला, तो पात्र निघाला. नुसतं गावाचं नाव पाहून ठरवू नका, घराचा पूर्ण पत्ताच टाका. आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर हे कर्ज होत नाही. आम्ही ग्रीन कार्ड हातात आल्यावरच अर्ज केला.

उत्पन्नाचा हिशेब नीट समजून घ्या. कर्ज एकाच्या नावावर असलं तरी घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचं उत्पन्न धरतात. 2025 साली बहुतेक काउंटींना 4 माणसांपर्यंत 1,19,850 डॉलर आणि 5 ते 8 माणसांना 1,58,250 डॉलर अशी वार्षिक मर्यादा होती. लेक 19 वर्षांची, कॉलेज करून कॅफेत काम करते. तिची कमाई जोडली तर आपण मर्यादेबाहेर जाऊ या धास्तीत आम्ही दोन आठवडे काढले. पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलांच्या कमाईतले फक्त पहिले 480 डॉलर धरतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सासू-सासरे कायमचे राहायला असतील तर त्यांचं पेन्शनही धरलं जातं, मात्र डोकी वाढली की मर्यादाही वाढते.

घर 2,30,000 डॉलरचं. डाउन पेमेंट शून्य. 1 टक्का हमी शुल्क कर्जातच मिळवलं, वर दरसाल 0.35 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 69 डॉलर. एफएचए या दुसऱ्या सरकारी हमीच्या कर्जात 3.5 टक्के आधी भरावे लागले असते आणि दोन्ही शुल्कंही जास्त. शिवाय घराचं मूल्यांकन किमतीपेक्षा 5,000 नी जास्त आलं, तेवढा क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाच्या कागदपत्रांचा वगैरे, खर्च कर्जात बसला. आमच्यासारख्या, बचत सगळी मुलांच्या शिक्षणात गेलेल्या घराला हे फार मोठं आहे.

वेळ मात्र लागतो. बँकेने 30 दिवस सांगितले, लागले 52. बँकेची मंजुरी झाली तरी फाइल पुन्हा सरकारी रूरल डेव्हलपमेंट कार्यालयात जाते, ते दिवस बँकेने धरलेच नव्हते. त्यात विहिरीच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतू निघाले. विहिरीत क्लोरीन टाकून, पाइप धुऊन, पुन्हा नमुना द्यावा लागला. तेव्हा चिडचिड झाली, पण आज मुलगा नळाला तोंड लावून पाणी पितो तेव्हा वाटतं, ती अट होती म्हणून बरं.

घराच्या मालमत्ता करात एक गोष्ट सांभाळा. इंडियानात मालक स्वतः राहतो त्या घराच्या (याला होमस्टेड म्हणतात) कराला मूल्याच्या 1 टक्क्याची कमाल मर्यादा आहे, भाड्याच्या घराला 2 टक्क्यांची. आमचं घर आधी भाड्याने दिलेलं होतं आणि क्लोजिंगच्या कागदात होमस्टेडचा रकानाच कोणी भरला नव्हता. काउंटी ऑडिटरच्या खिडकीवरच्या बाईंनी दहा मिनिटांत अर्ज भरून घेतला. तरी कर एक वर्ष मागून येत असल्यामुळे मे महिन्याचं बिल जुन्याच दराने आलं.

आता राहण्याचं. इथे पाणी, मैला, गॅस सगळं आपल्याच अंगणात आणि आपल्याच जिवावर. जानेवारीतली एक रात्र विसरणार नाही. बाहेर उणे 17 सेल्सिअस, बर्फ भुरभुरतंय, आणि मी मोबाइलच्या उजेडात घर गरम ठेवणाऱ्या प्रोपेन गॅसच्या टाकीचं झाकण उचलून काटा बघतेय: 14 टक्के. आम्ही ‘फोन केल्यावर भरणारे’ ग्राहक, आणि कंपनी म्हणाली सहा दिवस लागतील. टाकी त्यांच्या मालकीची, त्यामुळे दुसरं कोणी भरून देईना. सगळ्यांनी एका खोलीत विजेच्या हीटरवर दिवस काढले. शेजारच्या सोयाबीनवाल्या आजोबांनी न विचारता आपला हीटर आणून दिला आणि सेप्टिकची (मैल्याची) टाकी कुठे पुरली आहे तेही दाखवलं, जे विकणाऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

इंटरनेट उत्तम, वीज सहकारी संस्थेचीच फायबर लाइन आहे. कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ आणायला मात्र इंडियानापोलिसची चक्कर ठरलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्टेट रोड 7 वर संध्याकाळनंतर हरणं एकदम आडवी येतात; नवरा त्या दिवसांत उजेडातच घरी येतो.

या वर्षी प्रोपेनचा भाव जुलैतच बांधून घेतला. परवा ट्रक आला आणि टाकी 80 टक्क्यांवर करून गेला. गॅसला फुगायला जागा लागते म्हणून त्याहून वर भरत नाहीत.