ड्राइव्हवे नाही, तरी इलेक्ट्रिक गाडी: ब्रिटनमध्ये काउन्सिलचा खांबावरचा चार्जर, बोलार्ड, फुटपाथमधलं चॅनेल की रॅपिड?

ब्रिटनमध्ये टेरेस्ड (एकमेकांना चिकटलेल्या रांगेतल्या) घरात राहत असाल आणि दारात गाडी लावायला स्वतःची जागा नसेल, तर इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा निर्णय काउन्सिलने आधीच घेतलेला असतो. शोरूममध्ये रेंज सांगतात, किलोवॉट सांगतात. रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि युनिट कितीला पडणार, हे कुणी सांगत नाही, आणि रोजचा प्रश्न तर तोच असतो. पुण्या-मुंबईत हा वाद सोसायटीच्या कमिटीशी घालावा लागतो. इथे समोर काउन्सिल असतं, एवढाच फरक.

कोणतं काउन्सिल, हे आधी नीट बघा, कारण अर्ज चुकीच्या दारात पडला की दोन महिने असेच जातात. लंडनमध्ये तुमचा बरो, म्हणजे तिथलं स्थानिक काउन्सिल, रस्ता सांभाळतो, रेड रूट (कडेला लाल रेषा असलेले मुख्य रस्ते) मात्र ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे. मिल्टन कीन्स, रेडिंग, स्लाव अशा युनिटरी ठिकाणी सगळं एकाच छपराखाली असतं. पण जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट वेगळे आहेत, तिथे रस्ता आणि फुटपाथ काउंटीचा, कार पार्क बहुतेक डिस्ट्रिक्टचे. ऑक्सफर्डमध्ये राहणाऱ्याने फुटपाथमधल्या चॅनेलसाठी (घरची केबल गाडीपर्यंत नेणारी खाच) सिटी काउन्सिलला लिहून उपयोग नाही, ते काम ऑक्सफर्डशर काउंटीचं.

पैशाचा हिशोब

वर्षाला 7,000 मैल आणि युनिटमागे साडेतीन मैल धरले, तर 2,000 युनिट लागतात. खालचे दर सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या रस्त्यावरच्या ऑपरेटरचा दर अॅपमध्ये बघून आकडे बदला.

| पर्याय | पेन्स प्रति युनिट | वर्षाचा खर्च (पौंड) |
|---|---|---|
| चॅनेलमधून घरची वीज, रात्रीचा दर | 8 | 160 |
| खांबावरचा चार्जर | 50 | 1,000 |
| कर्बवरचा (फुटपाथच्या कडेचा) बोलार्ड, म्हणजे बुटका चार्जर | 55 | 1,100 |
| रॅपिड (50 किलोवॉट आणि त्यावरचा जलद चार्जर) | 80 | 1,600 |
| पेट्रोल गाडी (45 मैल प्रति गॅलन, लिटर 1.40 पौंड) | – | 990 |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. रस्त्यावर 50 पेन्सने चार्ज करणारा माणूस पेट्रोलवाल्याइतकाच खर्च करतो. वाचतो तो मेंटेनन्स आणि लंडनमधल्या काही बरोंमध्ये परमिटचे थोडे पैसे. त्यात करही उलटा: घरच्या विजेवर 5 टक्के व्हॅट, रस्त्यावरच्या चार्जिंगवर आजवर 20 टक्के. ड्राइव्हवे नसलेल्याने जास्त कर भरायचा, हा न्याय कुणालाच पटलेला नाही.

खांबावरचा चार्जर

सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले, तसा दिव्याच्या खांबाच्या जोडणीवरचा भार कमी झाला. त्याच जोडणीवर टाइप 2 सॉकेट (गाडी चार्ज करायचं इथलं नेहमीचं सॉकेट) बसवतात. खोदकाम जवळपास नाही, म्हणून काउन्सिलला स्वस्त आणि झटपट. वेस्टमिन्स्टरच्या सदरलँड अॅव्हेन्यूवर 2020 मध्ये एका दमात 24 खांब असे बदलले गेले.

वेग साधारण 5 किलोवॉट. 60 युनिटची बॅटरी 20 वरून 80 टक्क्यांवर न्यायला 36 युनिट लागतात, म्हणजे गळती धरून आठ तास. रात्र गेली, गाडी भरली, तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे. या खांबांसमोरची जागा बहुतेक ठिकाणी राखीव नसते. रहिवासी परमिट असलेली कुठलीही डिझेल गाडी तिथे कायदेशीर उभी राहू शकते, आणि संध्याकाळी सातनंतर राहतेच. एक खांब आहे की रांगेत सहा, यावर हा पर्याय तुमच्यासाठी आहे की नाही ते ठरतं.

आपल्या रस्त्यावरचे खांब बदलता येतील का, याचा अंदाज खाली उतरून दोन मिनिटांत येतो. खांब कर्बच्या कडेला असतील तर शक्यता आहे. घरांच्या कुंपणाला लागून, फुटपाथच्या मागच्या बाजूला असतील तर केबल चालणाऱ्यांच्या पायात येईल, म्हणून काउन्सिल तसे खांब वगळतं. काही ठिकाणी मागच्या खांबातून वीज घेऊन कर्बवर एक छोटा बोलार्ड उभा करतात, पण मग खोदकाम आलं आणि स्वस्ताई संपली.

केबल तुमची तुम्ही आणायची. 5 मीटरची घेऊ नका. गाडीचं पोर्ट पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणि खांब मागच्या चाकाशी, अशी वेळ येते तेव्हा 7 किंवा 10 मीटर लागते. क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी त्यावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे नखाने तपासा. खोटे कोड लावून कार्डाचे तपशील काढून घेण्याचे प्रकार होतात. चार्जरचा क्रमांक अॅपमध्ये हाताने टाकणं जास्त सुरक्षित.

आणखी एक मेख. 2023 च्या सार्वजनिक चार्जर नियमांनी कॉन्टॅक्टलेस पेमेंट सक्तीचं केलं ते 8 किलोवॉट आणि त्यावरच्या नव्या चार्जरना, आणि 50 किलोवॉट आणि त्यावरच्या जुन्यांना. 99 टक्के वेळ चालू असण्याची अटही रॅपिडपुरतीच. म्हणजे खांबावरचा चार्जर तीन आठवडे बंद पडला तरी ऑपरेटरवर त्या अटीचा धाक नाही. चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन मात्र सगळ्यांना लागू आहे. फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक काउन्सिलला कळवा, कारण ऑपरेटरशी करार काउन्सिलचा असतो आणि दुरुस्तीच्या मुदती त्या करारात असतात.

कर्बवरचा बोलार्ड

7 ते 22 किलोवॉट, आणि बऱ्याचदा समोर "फक्त चार्जिंगसाठी" राखीव जागा. ही राखीव जागाच त्याची खरी किंमत. त्यासाठी ट्रॅफिक ऑर्डर काढावी लागते, 21 दिवस हरकतींना द्यावे लागतात, आणि पार्किंग जातं म्हणून शेजारीच हरकत घेतात. म्हणून हे चार्जर उशिरा येतात. ऑर्डर झाली की चार्ज न करता तिथे उभ्या गाडीला कोड 14 खाली दंड होतो. तो तुम्हालाही होतो: चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवली, वर ऑपरेटरचं ओव्हरस्टे शुल्क, की स्वस्तात वाटलेली रात्र महाग पडते. वेळमर्यादा पाटीवर वाचा, अॅपमध्ये ती नेहमी दिसत नाही.

22 किलोवॉटला भुलू नका. रस्त्यावरची वीज एसी असते आणि ती किती घ्यायची हे गाडीतला चार्जर ठरवतो. बहुतेक गाड्या 7.4 किंवा 11 घेतात, जुन्या निसान लीफ 6.6 किंवा त्याहून कमी. रेनॉ झोई पूर्ण 22 घेते, पण तशा गाड्या थोड्या.

ब्रेंट आणि कॅम्डेनमध्ये फुटपाथशी सपाट असलेले चार्जरही बसवले आहेत. वापरायला त्यात खोचायची स्वतःची कांडी डिकीत ठेवावी लागते. फुटपाथ मोकळा राहतो ही गोष्ट चांगली, पण पाहुण्याला त्याचा उपयोग शून्य.

फुटपाथमधलं चॅनेल

परवानगी मिळत असेल तर पैशात याला तोड नाही. भिंतीवर घरचा चार्जर, फुटपाथमध्ये कापलेली अरुंद खाच, वर झाकण, त्यातून केबल कर्बपर्यंत. चॅनेल आणि चार्जर मिळून 2,000 पौंड धरले, तर वरच्या हिशोबाने खांबाच्या तुलनेत वर्षाला 840 वाचतात आणि अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. वर्षाला 3,000 मैलच गाडी चालत असेल तर साडेपाच वर्षं लागतात. तेव्हा भाडेकरूने आणि दोन वर्षांत घर बदलणाऱ्याने यात पडू नये. सरकारी अनुदान मर्यादेत मिळतं. अर्ज कामाआधी करायचा असतो, नंतर नाही.

आता कुठे अडतं ते. फुटपाथ अरुंद, झाडाची मुळं, मॅनहोलचं झाकण किंवा उथळ गॅसची पाइप मध्ये आली की सर्वेक्षणातच नकार येतो. ते पार पडलं तर घरातली वीज. जुन्या टेरेसमध्ये कधीकधी दोन घरांना एकच सर्व्हिस केबल असते (याला लूप म्हणतात), तुमच्या कटआउटमधून, म्हणजे मीटरजवळच्या मुख्य फ्यूजच्या डबीतून, शेजाऱ्याचा मीटर चालतो. 7 किलोवॉटचा चार्जर लावायचा तर ती जोडणी वेगळी करावी लागते. नेटवर्क कंपनी हे काम सहसा फुकट करते, पण तारखेसाठी आठवडे, कधी महिने थांबायला लावते. म्हणून इन्स्टॉलरला मीटरच्या पेटीचा फोटो पहिल्याच दिवशी पाठवा. एकाऐवजी दोन जाड केबल कटआउटमध्ये शिरताना दिसल्या, तर लूप असण्याची दाट शक्यता.

अर्थिंगचंही विचारा. इथल्या बहुतेक घरांचं अर्थिंग पुरवठ्याच्या न्यूट्रलला जोडलेलं असतं. रस्त्याखाली ती सामाईक तार तुटली तर गाडीच्या पत्र्यावर धोकादायक व्होल्टेज येऊ शकतं, आणि गाडी उभी असते ओल्या रस्त्यावर. चार्जरमध्ये हा दोष ओळखून पुरवठा तोडणारी सोय हवी, नाहीतर वेगळा अर्थ रॉड. टेरेसच्या पुढ्यात रॉड ठोकायला जागा नसते, म्हणून पहिलाच मार्ग धरा.

रोजच्या वापरात तीन गोष्टी त्रास देतात. शरद ऋतूत पानं आणि माती खाचेत बसते, झाकण वर राहतं, आणि अडखळलेल्या माणसाची तक्रार थेट काउन्सिलकडे जाते. ताठ ब्रश दाराशी ठेवा. केबल जाड असेल तर ती खाचेत दबतच नाही, ऑर्डर देण्याआधी केबलचा व्यास चॅनेलवाल्याला विचारा. आणि पाण्याच्या किंवा ब्रॉडबँडच्या कंपनीने फुटपाथ खणला तर चॅनेल जसंच्या तसं परत बसेल याची खात्री नाही. बसवल्यावर फोटो काढून ठेवा.

मुख्य गोष्ट: चॅनेल तुमचं, समोरची जागा नाही. ट्रॅफिकचा प्लॅस्टिक शंकू ठेवून ती अडवणं बेकायदेशीर आहे. आठवड्यातून दोन रात्री जरी दारासमोर जागा मिळाली तरी काम भागतं, कारण रात्रीच्या साडेपाच तासांच्या स्वस्त दरात 7 किलोवॉटने जवळपास 38 युनिट भरतात, म्हणजे सव्वाशेहून जास्त मैल. ज्या रस्त्यावर महिना-महिना दारात गाडी लागत नाही, तिथे हा खर्च करू नका.

केबल उघड्यावर टाकून वर रबरी पट्टी, हा जुगाड काही काउंटी अटींवर चालवून घेतात, बाकी ठिकाणी नोटीस येते. शेजारी करतो म्हणून करू नका.

रॅपिड

अर्ध्या तासात काम होतं आणि कार्ड टॅप केलं की झालं. महिन्याला 300 मैल चालणाऱ्या गाडीला एवढं पुरे. रोज 40 मैल जाणाऱ्याने यावर विसंबणं म्हणजे पेट्रोलपेक्षा महाग गाडी चालवणं. थंडीत बॅटरी गार असेल तर पाटीवरचे 150 किलोवॉट प्रत्यक्षात निम्मेही मिळत नाहीत. जुन्या लीफला चाडेमो प्लग लागतो, नव्या ठिकाणी तो कमी होत चालला आहे.

कुणी काय घ्यावं

स्वतःचं घर, वर्षाला 6,000 मैलांच्या वर, दारात अधूनमधून जागा: चॅनेलसाठी अर्ज करा, बाकी काही बघू नका. भाड्याचं घर आणि दोनशे मीटरवर खांबांची रांग: खांब, आणि ऑपरेटर रात्रीचा वेगळा दर देतो का ते तपासा. एकच बोलार्ड आणि त्यावर अख्खा रस्ता डोळा ठेवून असेल तर तो नाहीच असं समजा. ऑफिसमध्ये चार्जर असेल तर यातलं बहुतेक सगळं दुय्यम.

काउन्सिलच्या साइटवर मागणी नोंदवाच, इंग्लंडमधल्या LEVI निधीतून (स्थानिक चार्जरसाठी सरकार काउन्सिलांना देतं ते पैसे) चार्जर कुठे बसवायचे ते ठरवताना बरीच काउन्सिलं या नोंदींचा नकाशा वापरतात. पण "विचाराधीन" असं उत्तर आलं म्हणून गाडी बुक करू नका. त्याआधी दोन कामाच्या दिवशी आणि एका रविवारी रात्री साडेनऊला रस्त्यावर चक्कर मारा. किती चार्जर चालू आहेत, किती समोर पेट्रोल गाडी आहे, आणि तुमच्या दारासमोर कोण उभं आहे, ते बघा.