लिफ्ट केलेल्या गाडीला नवे अप्पर आर्म: घ्यायचे की कंपनीचेच ठेवायचे?

साताऱ्यात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस दोन इंच उचलली की पुढचा प्रश्न ठरलेला: अप्पर कंट्रोल आर्म, म्हणजे पुढच्या चाकाला वरून चासीशी जोडणारे दांडे, बदलायचे का? नुसते इंच मोजून उत्तर मिळत नाही. गाडी कशाने उचलली आणि अलाइनमेंटच्या कागदावर काय आलं, हे बघावं लागतं. (जिम्नीवाल्यांना हा खर्चच नाही. पुढे अखंड अ‍ॅक्सल असल्याने अप्पर आर्मच नसतो. तिथे कॅस्टरसाठी, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे झुकलेल्या कोनासाठी, वेगळे बुश (सांध्यातल्या गाद्या) मिळतात.)

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची एकत्र जोडणी) डोक्यावर स्पेसर टाकला किंवा लांब स्ट्रट बसवला, तर लटकतं चाक आधीपेक्षा खाली जातं. तेव्हा अप्पर आर्म स्प्रिंगला टेकू शकतो आणि बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडच्या भागाशी जोडणारा सांधा) त्याच्या शेवटच्या कोनाला भिडतो. बामणोलीच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात पडताना येणारा ‘खट्’ बऱ्याचदा हाच असतो. स्पेसर स्ट्रटच्या आत, स्प्रिंगवर असेल तर स्ट्रटची पूर्ण लांबी तीच राहते आणि ही टक्कर सहसा होत नाही. मात्र चाक खाली लटकताना स्ट्रट लवकर पूर्ण उघडून ठोकतो. कॅस्टर दोन्ही प्रकारांत घटतो. मग वळणानंतर स्टिअरिंग नीट परत येत नाही आणि खंबाटकी उतरून महामार्गावर वेग घेतला की गाडी सरळ धरून ठेवावी लागते.

कंपनीच्या आर्मला रबरी बुश आणि सीलबंद बॉल जॉइंट असतो. ग्रीस नको, आवाज नाही, पावसाळ्याची चिंता नाही. साधारण २ इंचांपर्यंत आकडे मर्यादेत बसत असतील तर तो काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त छापील कागद मागून घ्या, कारण अनेक ठिकाणी टो (चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) लावून गाडी सोडतात आणि कॅस्टरला हातही लावत नाहीत. हायलक्स-फॉर्च्युनरमध्ये तो लोअर आर्मच्या कॅम बोल्टने लागतो. कॅम शेवटपर्यंत फिरवूनही आकडा येत नसेल, तर नवे आर्म घ्यायला खरं कारण मिळालं.

बाजारातल्या आर्ममध्ये साधारण २ ते ४ अंश कॅस्टर मुळातच दिलेला असतो, स्प्रिंगपासून जागा जास्त मिळते आणि जॉइंट जास्त कोन सोसतो. तीन इंचांच्या आसपास, लांब स्ट्रटवर, हा पैसा योग्य ठिकाणी जातो. पण युनिबॉलचे आर्म रोजच्या गाडीला घेऊ नका. त्यात सीलबंद बॉल जॉइंटऐवजी धातूचा गोळा असतो आणि तो उघडा असतो. कास-कोयनेकडच्या पावसात लाल चिखल आत गेला की झिजतो आणि खडखडतो. सीलबंद बॉल जॉइंटचाच घ्या. पॉलियुरेथेन बुश असतील तर ग्रीस निपल आहे का बघा, नाहीतर कुरकुर सुरू होते.

ड्राइव्ह शाफ्टचा वाढलेला कोन मात्र नवा आर्म कमी करत नाही. शाफ्टच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटत असतील तर डिफरन्शियल खाली घ्यावं लागतं. सस्पेन्शन खाली घेणारे ब्रॅकेट आणि उंच नकल (चाकाचा हब धरणारा भाग) असलेल्या ४ इंची किटमध्ये आर्मचा कोन मूळच्या जवळ राहतो, त्यामुळे तिथे जुना आर्म बहुधा चालतो.

ठरवण्याआधी चासी स्टॅण्डवर घेऊन पुढची दोन्ही चाकं लटकू द्या. आर्म आणि स्प्रिंगमध्ये फट आहे का, बॉल जॉइंटचा बूट चेपलाय का, स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवताना ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणते का, हे बघा. लोखंडी बंपर किंवा विंच बसणार असेल तर आधी ते बसवा, मग हब ते फेंडर उंची मोजा. वजनाने पुढचा भाग खाली येतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेतल्या बदलांना बंधनं आहेत, त्यामुळे खर्चाआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

बसवताना बॉल जॉइंटचा टेपर (नकलमध्ये घट्ट बसलेलं निमुळतं टोक) हातोड्याने ठोकून काढू देऊ नका, पुलर वापरायला सांगा. नकल ब्रेक होजवर लटकवू नये. रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकलेली असताना आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क द्यायचा. मग स्प्लिट पिन, मग अलाइनमेंट, आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे.