कोरचीच्या बायकांचे मोहाचे लाडू

हिवाळ्यात नागपुरात बचत गटांची प्रदर्शनं लागतात. तिथे एका टेबलावर कोरची तालुक्यातल्या गोंड बायकांनी केलेले मोहाचे लाडू मिळाले. पाव किलोचा डबा 150 रुपयांना. मी स्वतः गोंड, गडचिरोलीतच वाढलेली, त्यामुळे जरा कडकच तपासून खाल्ले.

लाडू उत्तम आहेत. वाळलेल्या मोहात वाळू अडकलेली असते आणि फुलातले बारीक केसर काढले नाहीत तर ते घशाला खवखवतात. इथे दोन्ही काम नीट झालंय. भाजणी खमंग आहे, त्यामुळे मोहाचा उग्र वास राहिलेला नाही. सोबत तीळ आणि जवस. गूळ मात्र उगाच घातलाय. मोह मुळातच इतका गोड की आमच्या आजीने लाडवात कधी गूळ घातला नाही. "शहरातले लोक गोड मागतात ताई," असं विकणारी बाई म्हणाली. मला वाटतं, शहराला थोडं शिकवावं. एक बिनगुळाचा डबाही ठेवावा.

चैतात पहाटे फुलं गळतात. अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघायचं, झाडाखाली बोलत, गात वेचायचं. आमच्या घरी नवा मोह आधी पेनाला, म्हणजे आमच्या देवाला, दिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नसे. बाळंतिणीलाही हाच खुराक. आणि याच फुलाचं पोतं बाजाराला नेताना माझ्या आईच्या पोटात गोळा यायचा, कारण मोह म्हणजे दारू आणि गोंड म्हणजे दारुडा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं होतं. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या पेटीतला मोह पाहून मुली हसल्या होत्या. नंतर मी तो कधी आणलाच नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोह, बांबू अशा जंगलातल्या लाकडाखेरीजच्या उत्पन्नावर, आमची मालकी मान्य केली. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हाती पडायला 2011 उजाडलं. "मावा नाटे, मावा राज" (आमच्या गावात आमचंच राज्य) म्हणत गाव अडून बसलं, तेव्हा कुठे. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे राज्यातले निर्बंध तर 2021 मध्ये उठले. म्हणून त्या टेबलावर मोहाची पक्की पावती हातात आली तेव्हा माझे डोळे भरून आले. बायका आपसात गोंडीत बोलत होत्या, मोठ्याने, कोणाकडे न बघता. मीही गोंडीत बोलले. लेकीलाही बोलायला लावलं.

तक्रार आहे ती लेबलबद्दल. त्यावर झाडाचं चित्र आहे, "जंगलातील शुद्ध ठेवा" असं लिहिलंय, पण गावाचं, ग्रामसभेचं, वेचणाऱ्या बायकांचं नाव कुठेच नाही. लेबल शहरातल्या कोणीतरी करून दिलं म्हणे. जंगल वाचवलं कोणी आणि नाव कोणाचं? पुढच्या वेळी गावाचं नाव मोठ्या अक्षरात हवं. मी त्यांना तसं सांगितलंय, घेणाऱ्यांनीही सांगावं.

डबा प्लास्टिकचा आहे, घरी आल्यावर लाडू काचेच्या बरणीत काढा. पावसाळ्यात ओल धरते. मुलांना दिवसाला एक पुरे, लाडू भारी असतो. सुटा वाळलेला मोहही त्यांच्याकडे मिळतो. भाकरीच्या पिठात मळून बघा.