वन्यप्राण्यांचे परजीवी: विष्ठेचे नमुने की शवविच्छेदन?

या क्षेत्रात उतरणाऱ्या पशुवैद्यकाने आधी कशात हात बसवावा? विष्ठेच्या नमुन्यांचा मोठा फायदा म्हणजे प्राण्याला हातही लावावा लागत नाही, आणि एकाच कळपावर वर्षभर लक्ष ठेवता येतं. नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळला की त्यातली गोलकृमींची अंडी वर तरंगतात. यकृतकृमींची जड अंडी मात्र तळाशी शोधावी लागतात. शिवाय स्ट्राँगाइल या गोलकृमींच्या गटातली अंडी इतकी सारखी दिसतात, की डीएनए तपासल्याशिवाय प्रजाती सांगणं कठीण. अंडी न घालणारे कोवळे कृमी तर सुटूनच जातात.

शवविच्छेदनात आतडं उघडून चाळणीवर धुतलं की प्रौढ कृमी समोर येतात, ओळखता येतात, मोजताही येतात. अडचण एकच, पण मोठी: ताजं शव क्वचितच मिळतं. तरीही संधी मिळेल तिथे आधी हेच शिकावं, असं मला मनापासून वाटतं.