आस्पमिरा, बूडो: आठ हजारांचं मैदान आणि पिवळा टूथब्रश

हे तिकीट मला विकत कधीच मिळालं नसतं. नॉर्वेतल्या बूडो/ग्लिम्ट या क्लबच्या आस्पमिरा स्टेडियममध्ये माणसं बसतात आठ हजारांच्या थोडी वर, आणि 30 सप्टेंबर 2025 ला तिथे लंडनचं टॉटनहॅम येणार होतं. तेही चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला या स्पर्धेच्या मुख्य फेरीचा सामना त्याआधी कधीच झाला नव्हता. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मूळची बूडोची. तिच्या वडिलांची मैदानात ठरलेली जागा आहे, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना पायऱ्या चढायची बंदी होती. लेकीने त्यांना सांगितलं की आमच्यात कोल्हापूरची एक मुलगी आहे, तिच्या गावात तालमींच्या फुटबॉलसाठी दुपारपासून गॅलरी भरते. काकांनी जागा मला देऊन टाकली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नकाशावर पाहून आपण बोडो वाचतो. इथले लोक म्हणतात बूडो. वस्ती पन्नास-पंचावन्न हजार, म्हणजे कोल्हापूरच्या एक दशांश. मी ट्रॉन्हाइममध्ये राहते. खरं तर रेल्वेने जायचं होतं, दहा तासांचा तो प्रवास माझ्या यादीत कधीचा आहे. पण ऑगस्टच्या शेवटी लेवांगरजवळ जमीन खचली आणि तो मार्गच तुटला, म्हणून विमान. बूडोचा विमानतळ गावाला इतका चिकटून आहे की पाठीवर सॅक टाकून मी सरळ चालत मैदानाकडे निघाले. मुक्कामाच्या एका ठिकाणाने त्या रात्रीचा भाव अव्वाच्या सव्वा वाढवला होता, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत.

रस्त्याने जाताना आधी दिसला तो रंग. पोरंटोरं, आज्या, बाबागाडीतली बाळं, सगळी पिवळी. जेजुरीला भंडाऱ्यात न्हायलेल्या पायऱ्या ज्याने पाहिल्यात त्याला कळेल मी काय म्हणते ते. आणि त्या गर्दीच्या डोक्यावर टूथब्रश. माणसाच्या उंचीचे, पिवळेधमक. सत्तरच्या दशकात एका पाठीराख्याने घोषणांचा ताल धरायला हातात टूथब्रश घेतला, तेव्हापासून ती या क्लबची खूण झाली. पुढे टूथब्रश बनवणाऱ्या कंपनीनेही त्यात रस घेतला. आपल्याकडे हलगी, इथे टूथब्रश.

मैदान म्हणून आस्पमिरा कसं आहे? छोटं, बुटकं, खेळाडूंच्या अगदी जवळ. मी सातव्या रांगेत होते. थ्रो घ्यायला आलेल्या खेळाडूच्या बुटाचा टर्फवर होणारा कर्र आवाज ऐकू येत होता. हो, टर्फ. इथे गवत कृत्रिम आहे आणि खालून तापवलेलं, कारण या हवेत खरं गवत मार्चमध्ये हिरवं ठेवणं कठीण. बाहेरचे संघ या टर्फवरून नेहमी कुरकुरतात. मला ती तक्रार पटत नाही. बूडोची पोरं पाचव्या-सहाव्या वर्षापासून अशाच टर्फवर खेळत मोठी होतात. चेंडू किती वेगाने सरकतो, किती उसळतो, हे त्यांच्या पायाला ठाऊक असतं, आणि आखूड, झटपट पासांचा त्यांचा सगळा खेळ त्यावरच उभा आहे. आमच्या शाहू स्टेडियमच्या मैदानाचा कोपरा न् कोपरा जसा पाटाकडील किंवा शिवाजी मंडळाच्या पोरांना पाठ असतो, तसंच.

खाणं साधं. कॉफी कडक आणि गरम, सॉसेज पातळ बटाट्याच्या पोळीत गुंडाळलेलं. हातमोजे काढायला लागू नयेत अशा बेताने खायचं. रात्री नऊचा सामना, समुद्रावरून येणारा वारा मानेत शिरत होता. थर्मल घातल्याशिवाय तिथे जाऊ नका.

आता सामना. त्याच वर्षी मे महिन्यात याच टॉटनहॅमने याच मैदानावर 2–0 जिंकून ग्लिम्टला युरोपा लीग या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीतून घरी बसवलं होतं आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. युरोपातल्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलेला ग्लिम्ट हा पहिला नॉर्वेजियन क्लब, पण त्या रात्रीचा सल माझ्या शेजारच्या आजोबांच्या बोलण्यात अजून होता. सुरुवातीलाच ग्लिम्टला पेनल्टी मिळाली आणि कास्पर होगने ती बारवरून बाहेर मारली. मला वाटलं, आता मैदान बसणार. नाही बसलं. त्याच्याच नावाचा जयघोष सुरू झाला. उत्तरार्धात येन्स पेटर हौगेने दोन गोल मारले, 53व्या आणि 66व्या मिनिटाला, आणि दुसऱ्या गोलाला आजोबांनी माझ्या पाठीत अशी थाप दिली की कॉफी पुढच्या माणसाच्या टोपीवर. त्या माणसाने वळून मलाच मिठी मारली.

दोनच मिनिटांत टॉटनहॅमच्या फान द फेनच्या हेडरने 2–1. मला आवर्जून सांगायचं आहे ते यानंतरचं. आपल्याकडे गोल बसला की पहिल्यांदा हात वर होतात ते एकमेकांकडे बोट दाखवायला. बचाववाला गोलकीपरकडे बघतो, गोलकीपर बचाववाल्याकडे. इथे पिवळे शर्ट एकमेकांजवळ आले. रिंगण करून उभे राहिले, खांद्यांवर हात, डोकी आत. पाच-सात सेकंद असतील. मग सुटले आणि परत पुढे जाऊन प्रेस करायला, म्हणजे चेंडू हिसकावायला समोरच्यांच्या अंगावर जायला लागले, जणू 0–0 चालू आहे. गोल खाल्ल्यावर असं रिंगण करण्याची सवय या संघाने लावून घेतलेली आहे. त्यामागे ब्योर्न मान्सवर्क नावाचा माणूस आहे, नॉर्वेच्या हवाई दलातला माजी लढाऊ वैमानिक. बूडो म्हणजे अनेक वर्षं एफ-16 विमानांचा तळ. 2017 पासून मान्सवर्क या खेळाडूंशी मनाच्या तयारीवर काम करतोय: ध्यान, श्वास, चुकीबद्दल उघड बोलणं. उल्रिक साल्टनेससारख्या खेळाडूचं पोट सामन्याच्या ताणाने बिघडायचं, खेळ सोडायच्या बेतात होता तो. त्याच साल्टनेसने 2024-25 च्या मोसमात इटलीच्या लात्सिओविरुद्ध इथे दोन्ही गोल मारले.

89व्या मिनिटाला ग्लिम्टच्याच गुंडरसनला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. 2–2. शेजारचे आजोबा गप्प झाले, मग टाळ्या वाजवायला लागले आणि सामना संपल्यावरही वाजवत राहिले. जाताना मला म्हणाले, "मी शाळेत होतो तेव्हा आमच्या भागातल्या क्लबांना नॉर्वेच्या कपमध्ये खेळूच द्यायचे नाहीत." खरं आहे ते. 1963 पर्यंत उत्तर नॉर्वेच्या संघांना राष्ट्रीय कपचं दार बंद होतं. वरच्या डिव्हिजनचं दार तर सत्तरच्या दशकात उघडलं. 1975 ला ग्लिम्टने तोच कप जिंकला. लीगचं पहिलं विजेतेपद मात्र 2020 ला, 30 सामन्यांत 103 गोल मारून. नंतर 2021, 2023, 2024.

या रात्रीकडे मी फक्त एक सामना म्हणून बघू शकत नाही, कारण लहानपणापासून एक वाक्य ऐकत आले आहे: लहान लीगवाल्यांनी युरोपात फक्त हजेरी लावायची. पैसा बघितला तर ते खरंच वाटतं. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत नुसतं पोचलं तरी क्लबला 1 कोटी 86 लाख युरो मिळतात, युरोपा लीगमध्ये 43 लाख, तिसऱ्या क्रमांकाच्या कॉन्फरन्स लीगमध्ये 31-32 लाख. वरच्या पायरीवर असलेला वरच राहावा अशीच ही रचना. पण ग्लिम्टने सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे हे पैसे नव्हते. 2017 ला हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. 2018 ला शेटिल क्नुट्सेन मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्या मोसमात अकरावा नंबर आला. अकरावा! आपल्याकडे काय, युरोपातल्या बहुतेक ठिकाणी त्याची तिथेच गच्छंती झाली असती. इथे ठेवला. तेव्हापासून मैदानावर तीच 4-3-3 ची मांडणी, तोच वेग, तेच प्रेसिंग, खेळाडू बदलले तरी खेळ तोच. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये नामांकित प्रशिक्षक मोरिन्योच्या रोमाला इथे 6–1 मारलं ते या सातत्याच्या जोरावर. मोरिन्योच्या कुठल्याही संघाने एका सामन्यात सहा गोल खाल्ल्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसरी गोष्ट मला हौगेकडे बघताना कळली. 2020 ला पात्रता फेरीत सान सिरोवर, म्हणजे मिलानच्या मैदानावर, मिलानविरुद्ध खेळला, गोल मारला, काही दिवसांत मिलाननेच उचलला. तिथून जर्मनी, बेल्जियम, आणि 2024 ला परत बूडोत. कप्तान पात्रिक बेर्ग फ्रान्सच्या लांसला गेला, काही महिन्यांत परतला. त्याचे आजोबा, वडील, काका सगळे याच क्लबचे. फ्रेड्रिक ब्योर्कान बर्लिनहून परतला. पोरं मोठ्या लीगमध्ये जाणारच, पगार तिथे आहेत. पण बाहेर मन रमलं नाही तर परत यायला लाज वाटू नये, घर तसंच असावं, ही सोय ज्या क्लबने केली त्याचा संघ तयार होतो. बाकीचे लहान क्लब विकतात, पैसे मोजतात आणि पुढच्या जुलैत नव्याने संघ बांधत बसतात.

जुलैवरून आठवलं. नॉर्वेचा मोसम वसंतात सुरू होऊन वर्षअखेरीला संपतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या पात्रता फेऱ्यांत त्यांची पोरं ऐन भरात असतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्राट्सला इथे 5–0 ने धुतलं, त्यात याचा वाटा होताच. उलट जानेवारीत युरोपचे सामने येतात तेव्हा स्वतःची लीग बंद असते. म्हणून लहान लीगनी सगळ्यांसारखं वेळापत्रक करावं की आपल्या हवेप्रमाणे, या वादात मी हवेच्या बाजूची आहे.

ट्रॉन्हाइममधले माझे सहकारी तिथल्या रोझेनबोर्ग क्लबचे पाठीराखे. नव्वदच्या दशकात त्यांनी सलग तेरा विजेतेपदांची मालिका सुरू केली, 1996 ला सान सिरोवर मिलानला हरवलं. त्यांना ग्लिम्टचं कौतुक करणं जड जातं, आणि मला ते समजतं. पेठेपेठेतली ईर्षा मी बघितली आहे. पण युरोपच्या स्पर्धांसाठी देशांची जी क्रमवारी लागते, तिचे गुण सगळ्या क्लबांचे मिळून मोजतात आणि खेळलेल्या क्लबांच्या संख्येने भागतात. ग्लिम्टचा प्रत्येक विजय ब्रान, मोल्दे, विकिंग या नॉर्वेच्या इतर क्लबांनाही पुढे सोपी वाट देतो. निदान युरोपच्या रात्री तरी त्यांनी ग्लिम्टसाठी ओरडावं असं मला मनापासून वाटतं. आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, या स्पर्धांत सहभागी नसलेल्या क्लबांना मिळणारा वाटा वाढवला पाहिजे, नाहीतर या पैशाने बूडो पुढे जाईल आणि नॉर्वेची लीग एकट्याचीच होऊन बसेल. हीच एक गोष्ट मला या सगळ्यात खुपते.

नवं स्टेडियम होणार आहे, दहा हजारांचं. चाळीस हजारांचं बांधत नाहीत, हे बघून बरं वाटलं.

रात्री खोलीवर आल्यावर बाबांना फोन लावला. कोल्हापुरात पहाट झाली होती, पण ते जागेच होते, सामना बघितला होता. लहानपणी मला खांद्यावर घेऊन शाहू स्टेडियमला न्यायचे ते. मी रिंगणाचं सांगितलं तर म्हणाले, "अगं, दिसलं की मला. दोनदा मागे नेऊन बघितलं. आपल्या पोरांना दाखवायला पाहिजे." रविवारी सकाळी सरावाला जाऊन त्यांनी खरंच मोबाईलवर दाखवलं.

जाणार असाल तर युरोपच्या रात्रीच्या मागे लागू नका, लीगचा सामना पकडा. जागा मिळायची शक्यता जास्त आणि मैदान तेच. ‘पिवळी फौज’ म्हणवणारे पाठीराखे जिथे असतात त्यांच्या जवळपासची जागा बघा. कॉफी घेतलीत तर गोल होईपर्यंत संपवा. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि काकांचा गुडघा लवकर बरा होवो.